पिशवीत उरलेली नाणी

बँकेत शंभराची नोट द्यावी, रुपयाच्या नाण्यांची पिशवी घ्यावी आणि घरी जुन्या वर्तमानपत्रावर ओतावी. प्रत्येक नाण्याचं साल बघावं, सालाखालची खूण बघावी. हवी ती चार नाणी बाजूला काढावीत, बाकीची भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला देऊन टाकावीत किंवा पुन्हा बँकेत भरावीत. छंद एवढाच. नाणेसंग्रहाच्या इतर वाटा पैशांतून जातात. लिलाव, व्यापारी, प्रदर्शनं, आणि प्रत्येक ठिकाणी आपण फसलो तर नाही ना, ही धाकधूक. इथे रुपयाचं नाणं रुपयालाच मिळतं आणि नको असलं तर रुपयालाच जातं. शाळकरी मुलाला हा छंद जितका परवडतो तितकाच पेन्शनीत गेलेल्या माणसालाही. हे पुस्तक त्या पिशवीसाठी लिहिलं आहे.

या छंदाला रीतसर रूप आलं ते अमेरिकेत, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. तिथे बँका नाणी मोजून कागदी गुंडाळ्यांत देतात. एका गुंडाळीत सेंटची पन्नास, पाव डॉलरची चाळीस, अर्ध्या डॉलरची वीस नाणी असतात. अशा पन्नास गुंडाळ्यांचं एक खोकं. अर्ध्या डॉलरचं खोकं म्हणजे 500 डॉलर. लोक ते खोकं घरी नेतात, गुंडाळ्या एकामागून एक फोडतात, नाण्यांच्या कडा बघतात आणि उरलेली नाणी दुसऱ्या बँकेत नेऊन भरतात. कडाच का बघतात? 23 जुलै 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. तोवर तिथल्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत 90 टक्के चांदी होती. कायद्याने पहिल्या दोन नाण्यांतून चांदी पूर्ण काढली, अर्ध्या डॉलरमध्ये ती 40 टक्क्यांवर आणली आणि 1970 नंतर चलनातल्या त्या नाण्यातूनही ती गेली. तेव्हापासूनच्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते. 90 टक्के चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी असते.

दहा आणि पंचवीस सेंटची चांदीची नाणी लोकांनी तेव्हाच वेचून घेतली. अर्धा डॉलर मात्र अजूनही अधूनमधून गुंडाळीत सापडतो. 1964 सालचं त्यातलं नाणं केनेडींच्या हत्येनंतर निघालेलं, त्यामुळे लोकांनी आठवण म्हणून ते घरोघरी जपलं. पुढे अर्धा डॉलर रोजच्या व्यवहारातून जवळपास हद्दपारच झाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मागे खणात राहिलेली ही नाणी कोणी तरी न बघता बँकेत भरतं, आणि ती पुन्हा गुंडाळीत येतात. जे नाणं फिरत नाही ते झिजत नाही, आणि वेचलंही जात नाही. 2019 मध्ये तर अमेरिकी टांकसाळीनेच लोकांना शोधायला लावलं. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीची डब्ल्यू ही खूण असलेली पाव डॉलरची नाणी तिने पाच नक्ष्यांत, प्रत्येकी 20 लाख, मुद्दाम नेहमीच्या चलनात मिसळली. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकाला हा छंद तिथल्या बँकेत आजही करता येईल. त्याच्यासाठी पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे.

आपल्याकडे कागदी गुंडाळी नाही, पिशवी आहे. नाणी पाडतं केंद्र सरकार, रिझर्व्ह बँक ती फक्त वाटते. एक आणि दोन रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत घ्यावीत, म्हणजे काउंटरवरच्या माणसाचं आणि ग्राहकाचंही काम हलकं होतं, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवलेलं आहे. पिशव्या दोन जातीच्या. टांकसाळीतून थेट आलेल्या कोऱ्या नाण्यांच्या पिशवीत एकाच सालाची, बहुधा एकाच टांकसाळीची चकचकीत नाणी असतात. ती एकदा बघितली की झालं. खरी पिशवी फिरत्या नाण्यांची. कोणा दुकानदाराने, कंडक्टरने, देवस्थानाने भरलेली, मळकी, हळदीचे डाग पडलेली, तीस वर्षांची सरमिसळ असलेली. कॅशिअरला कोरी नकोत, जुनी द्या, असं स्पष्ट सांगावं. बहुतेक ठिकाणी तो आनंदाने देतो, कारण तिजोरीतली जागा त्यालाही हवी असते.

या पुस्तकात जे म्हणायचं आहे ते असं. पिशवीत काय सापडेल ही नशिबाची गोष्ट नाही. चलन ही एक चाळणी आहे. नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा वर गेली की ते नाणं चाळणीतून गळतं आणि कुठल्या तरी भट्टीत जातं. धातू स्वस्त असेल तर ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. म्हणून पिशवीत नसलेली नाणीही तितकीच बोलकी असतात. शोधणाऱ्याला साल आणि खूण वाचता यायला हवी हे खरंच, पण हे नाणं उरलं कसं आणि ते दुसरं गेलं कुठे, हा प्रश्न त्याला पडला नाही तर हातात नुसता ढीग राहतो.

पाच रुपयांचं जुनं जाड नाणं घ्या. 1992 पासून निघालेलं, 9 ग्रॅम वजनाचं, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. हातात घेतलं की त्याचा भार जाणवतो, टेबलावर टाकलं तर खणखणीत वाजतं. या शतकाच्या सुरुवातीला ते सगळीकडे होतं. मग हळूहळू दिसेनासं झालं, आणि ही नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या येऊ लागल्या. पात्यांचं खरंखोटं बाजूला ठेवून नुसता हिशेब करून बघू. मे 2007 मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला 50 हजार डॉलरच्या वर गेलं होतं, तांबं 7 हजारांच्या पुढे होतं आणि डॉलर साधारण 41 रुपयांना होता. नाण्यात सव्वादोन ग्रॅम निकेल, म्हणजे साडेचार रुपयांहून जास्त. पावणेसात ग्रॅम तांबं, म्हणजे सुमारे दोन रुपये. पाच रुपयांच्या नाण्यात सहा रुपयांहून अधिक किमतीचा धातू! ते नाणं चलनात टिकणं शक्यच नव्हतं. सरकारने त्याच सुमारास पाचचं नाणं पोलादाचं केलं, पुढे निकेल-पितळेचं. आज फिरत्या पिशवीत ते जाड नाणं निघालं तर समजावं, की ते इतकी वर्षं कुठल्या तरी गल्ल्यात, देव्हाऱ्यात किंवा लग्नाच्या पाकिटाला चिकटून बसलं होतं. फिरत असतं तर केव्हाच गेलं असतं.

रुपयाचंही तेच. इंग्रजी अमदानीतला रुपया 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली आणि 1940 पासून ती निम्म्यावर आली. 1947 च्या रुपयात चांदी उरलीच नाही. तो निकेलचा होता, एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ. स्वातंत्र्यानंतरचा निकेलचा रुपया आधी जुन्याच वजनाचा आणि 1962 पासून 10 ग्रॅमचा, 1975 पासूनचा तांबे-निकेलचा 8 ग्रॅमचा, पुढे 6 ग्रॅमचा, 1992 पासून पोलादाचा 4.85 ग्रॅमचा, 2011 पासून 3.79 ग्रॅमचा आणि 2019 च्या मालिकेतला 3.09 ग्रॅमचा. सराफी तराजूवर ही नाणी एकामागून एक ठेवून बघा. महागाईवर व्याख्यान ऐकून जे कळणार नाही ते त्या आकड्यांत आहे. मी हा प्रयोग मुलांसमोर करतो तेव्हा बाजूला उभे राहिलेले मोठेच पुढे सरकतात.

आता खुणा. भारतात चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि 1988 पासून नोएडा. फोर्टातली मुंबईची टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आणि तिची खूण सालाखालचा छोटा चौकट, पत्त्यांतल्यासारखा. हैदराबादची खूण पाच टोकांचा तारा, नोएडाची गोल टिंब. कोलकात्याची खूण म्हणजे खूण नसणं. वाचायला हे सोपं वाटतं, पण झिजलेल्या नाण्यावर मुंबईचा चौकट आणि नोएडाचं टिंब ओळखताना नवखा माणूस हमखास गोंधळतो. नाणं डोळ्यासमोर सरळ धरू नये. खिडकीकडे पाठ न करता, उजेड बाजूने येईल असं तिरकं धरावं आणि दहापट भिंगातून खुणेची सावली बघावी. चौकटाची सावली एका टोकाला अणकुचीदार होते, टिंबाची सगळीकडून सारखीच गोल राहते. आणि कोलकात्याचं नाणं म्हणून बाजूला काढण्यापूर्वी सालाखालची जागा बोट फिरवून बघावी. तिथे मळ बसलेला असेल तर खूण त्याखाली दडलेली असू शकते.

या चार खुणांपलीकडचं काही दिसलं तर थांबावं. चिल्लरीची टंचाई झाली तेव्हा सरकारने परदेशातूनही नाणी पाडून आणली. दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवायचे, ते दिवस अनेकांना आठवत असतील. 1985 च्या रुपयावर एच दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. 1988 च्या पंचवीस पैशांवर सी असेल तर ते नाणं कॅनडातल्या ओटावाहून आलेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको आणि स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साच्या टांकसाळींनी आपले रुपये पाडले, आणि 1999-2000 च्या पाच रुपयांवर मॉस्कोच्या टांकसाळीची एमएमडी ही रशियन आद्याक्षरं सापडतात. नाशिकच्या भाजीबाजारात फिरलेलं नाणं मॉस्कोत पाडलेलं असावं आणि ते आपल्या हातात पाच रुपयांनाच यावं, यात मला आजही विलक्षण आनंद वाटतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, त्यामुळे ओटावाची खूण आता बँकेच्या पिशवीत मिळणार नाही. ती गल्ल्यात शोधावी लागते.

स्मारक नाण्यांविषयी इथे थोडक्यात. महाराष्ट्राशी नातं असलेली बरीच नाणी रोजच्या चलनात फिरली आणि अजून फिरतात. 1990 चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं अकरा कडांचं दोन रुपयांचं नाणं, 2002 चं संत तुकारामांचं, 2007 चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. ही दुर्मीळ नाहीत. पण हीच नाणी वेगवेगळ्या टांकसाळींच्या खुणांसह जमवायला घ्या, आणि बघा किती दिवस जातात. सोपं वाटणारं नाणंच एखाद्या खुणेसाठी अडवून धरतं.

हाताशी एक लोहचुंबक ठेवावा. पोलादी नाणी त्याला चिकटतात, तांबे-निकेलची चिकटत नाहीत. पाच किंवा दोन रुपयांच्या ढिगावर चुंबक फिरवला की तांबे-निकेलची जुनी नाणी आपोआप खाली उरतात. 1962 ते 1974 चा शुद्ध निकेलचा रुपया मात्र चिकटतो, म्हणून जुना रुपया चुंबकाच्या भरवशावर टाकून देऊ नये. नदीकाठी दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुलं आपण पाहतो. त्यांच्या चुंबकाला पोलादच लागतं. भाविकांनी कित्येक वर्षांपूर्वी वाहिलेलं तांब्या-निकेलचं नाणं गाळातच राहतं. तीही एक चाळणीच, फक्त उलट दिशेची.

दानपेटीतून बँकेत गेलेली पिशवी मला सगळ्यांत मोलाची वाटते. घरात जपलेलं, आजीच्या बटव्यातलं, पूजेच्या तबकातलं नाणं माणूस दुकानात देत नाही, देवाला वाहतो. त्यामुळे दानपेटीत जुनी नाणी जास्त येतात आणि कमी झिजलेली येतात. मोठ्या देवस्थानांची नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरत नाही, अशी शिर्डीविषयीची बातमी 2023 मध्ये आली होती. ज्या गावात मोठं देवस्थान आहे तिथल्या शाखेत यात्रेनंतर पिशवी मागून बघा.

एका गोष्टीविषयी मात्र कठोरपणे लिहायला हवं. वैष्णोदेवीचं नाणं लाखो रुपयांना विकलं जातं, अमुक सालाचा रुपया कोणी घेऊन गेलं तर गाडी मिळते, असल्या अफवांनी या छंदाची फार हानी केली आहे. लोक मोबाइलवर नाण्याचा फोटो पाठवतात, समोरचा नोंदणीच्या आणि कराच्या नावाखाली आधी पैसे मागतो आणि ते घेऊन गायब होतो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असले व्यवहार चालतात म्हणून बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतंही शुल्क घेत नाही. वैष्णोदेवीची 2012 ची पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनासाठीच निघाली. ती पाच आणि दहा रुपयांनाच जातात. या पुस्तकात कुठेही बाजारभाव दिलेला नाही, तो याच कारणाने.

चुकीच्या नाण्यांना मात्र संग्राहकांमध्ये खरोखर मान आहे. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि त्यावर पुढची चकती पडली की एका बाजूला उठावाचा छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच उलटा, खोलगट ठसा उमटतो. व्यापारी अशा नाण्याला लखी म्हणतात. ठसा सरकून अर्धचंद्र कोरा राहिलेली नाणी, ठशाला तडा गेल्याने उठलेली वाकडी रेघ असलेली नाणी पिशवीत अधूनमधून सापडतात. पण कारखान्यात झालेली चूक आणि नंतर कोणी हातोडीने किंवा कानशीने केलेली खोडी यांतला फरक ओळखायला वेळ लागतो. टांकसाळीतल्या चुकीत धातू वाहिलेला असतो, खोडीत तो ओरखडलेला असतो. त्यासाठीची छायाचित्रं आठव्या प्रकरणात आहेत. आणि काहीही सापडलं तरी ते चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. झळाळी येते ती नाण्याची वरची कातडी निघाल्यामुळे.

नाणी रोखून धरण्याविषयीही बोलायला हवं. नाणी वितळवणं 2011 च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण मी म्हणतो ते त्याआधीचं. सुट्ट्या पैशांवर छोट्या विक्रेत्याचा दिवस चालतो. पिशव्यांच्या पिशव्या घरात साठवून ठेवणारा माणूस शोध घेत नाही, तो टंचाई करतो. हवी ती मूठभर नाणी ठेवा, उरलेली आठवड्याच्या आत बाहेर जाऊ द्या. काही भागांत दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत. दहाच्या चौदाही नक्ष्या कायदेशीर चलन आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. ते माहीत असलेल्या माणसाने निदान आपल्या गल्लीत तरी दहाचं नाणं फिरवावं.

आता मोबाइलवरून पैसे देण्याची सवय सगळीकडे पोहोचली आहे. क्यूआर कोड स्कॅन करून नाणी देणारी यंत्रं 12 शहरांत प्रयोग म्हणून बसवण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये केली. अमेरिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठी सेंट पाडणंच थांबवलं. आपल्या पिशव्यांमध्ये अजून 2007 नंतरची हस्तमुद्रेची नाणी आहेत, 2011 पासूनची रुपयाचं नवं चिन्ह ल्यालेली आहेत, 2019 ची आणि 2022 ची अमृतमहोत्सवाची आहेत. आज ती इतकी आहेत, की कोणी बघत नाही. म्हणून या सालांची चारही टांकसाळींची नाणी आत्ताच, कोरी असताना, बाजूला काढून ठेवावीत. वीस वर्षांनी हाच संच झिजलेल्या नाण्यांतून जमवावा लागेल.

सुरुवात पाच रुपयांच्या पिशवीने करा. तांबे-निकेल, पोलाद आणि पितळ हे तिन्ही धातू एकाच ढिगात बघण्याची संधी दुसऱ्या कुठल्याही नाण्यात नाही. आधी चुंबक फिरवा. मग रंगाने वेगळी करा, मग सालाने, आणि शेवटी भिंग घेऊन खुणेने. रुपयाची पिशवी त्यानंतर घ्या. ती मोठी परीक्षा आहे.